थ्रस्ट मोजायचा काटा: वाळूजमध्ये बनणाऱ्या टेस्ट स्टँडची पारख

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात रॉकेट मोटरच्या, म्हणजे घन इंधनाच्या रॉकेट इंजिनाच्या, जमिनीवरच्या चाचणीसाठी तयार स्टँड बनतो. कारखान्याचं नाव इथं देत नाही, कारण पुढं कौतुकाबरोबर तक्रारीही बऱ्याच आहेत. त्यांचा मूळ धंदा तोलकाट्यांचा: आडतीवरचे प्लॅटफॉर्म काटे, जिनिंगमधले टांगते काटे. त्याच हातांनी हा स्टँड बनवलाय, आणि त्याचे गुण नि दोष दोन्ही तिथूनच आलेत. मोंढ्यात काट्यावर पोतं ठेवलं की आकडा स्थिर होईस्तोवर हमाल थांबतो, आडत्या थांबतो, शेतकरीही थांबतो. मोटर कुणासाठी थांबत नाही. दीड-दोन सेकंदांत तिचा सगळा कारभार आटोपतो, आणि त्यात पहिल्या पन्नास मिलिसेकंदांत काय झालं हेच बहुतेक वेळा बघायचं असतं.

संचात मिळतं ते असं. १०० बाय ५० च्या चॅनेलची वेल्ड केलेली चौकट, पुढं मोटरचा थ्रस्ट, म्हणजे रेटा, झेलणारी १२ मिलिमीटर जाडीची थ्रस्ट प्लेट, २० मिलिमीटरच्या दोन शाफ्टांवर चार लिनिअर बेअरिंगांनी सरकणारी गाडी, ५४ आणि ७५ मिलिमीटर व्यासाच्या मोटरसाठी क्लॅम्प, २०० किलोचा एस-टाइप लोडसेल (जोर पडला की विजेचा इशारा देणारा काट्यातला भाग), लाल आकड्यांचा इंडिकेटर, शिवाय उनो नावाचा छोटा संगणक-बोर्ड, लोडसेलचा बारीक इशारा वाढवून आकड्यात बदलणारा एचएक्स७११ अ‍ॅम्प्लिफायर आणि एसडी कार्डचं मॉड्यूल एका डब्यात. इग्निशनचा डबा वेगळा. त्यात किल्लीचा स्विच, रिले आणि १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी. वायर १० मीटर. मोटर अर्थातच मिळत नाही, आणि मिळायलाही नको. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम इथं लागू होतात. परवान्यांचं काम बघणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. परवाना असलेल्याकडूनच मोटर घ्यायची. घरी इंधन शिजवण्याच्या भानगडीत पडणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

स्टँडची कुवत कारखाना 'जे वर्गापर्यंत' अशी सांगतो. मोटरचे वर्ग एकूण इम्पल्सवरून (थ्रस्ट गुणिले तो टिकतो तो वेळ) ठरतात आणि दर अक्षराला मर्यादा दुप्पट होते: जी म्हणजे १६० न्यूटन-सेकंदांपर्यंत, एच ३२०, आय ६४०, जे १२८०. लोखंडाच्या बाबतीत हा दावा खरा आहे. मोजमापाच्या बाबतीत तसाच्या तसा धरू नका. द्रव इंधनाच्या इंजिनासाठी तर हा स्टँड नाहीच. तिथं टाक्या, व्हॉल्व्ह, थंड करण्याची क्रमवार प्रक्रिया आणि मधेच बंद करायची सोय लागते. तमिळनाडूत महेंद्रगिरीला इस्रो करते ते काम वेगळ्याच जातीचं आहे.

आधी लोखंड. चाचणीत मोजमाप चुकलं तर एक मोटर वाया जाते. पकड चुकली तर काय होतं ते ३० जून २०२४ ला चीनच्या हेनान प्रांतात गोंगयीजवळ दिसलं. 'तियानलोंग-३' रॉकेटचा पहिला टप्पा स्टँडवर बांधून पेटवला होता. बांधणी तुटली, टप्पा चक्क वर उडाला आणि सुमारे दीड किलोमीटरवरच्या डोंगरात जाऊन पडला. रॉकेटचा सांगाडा आणि स्टँड यांच्यातला जोड निकामी झाला, असं कंपनीनं सांगितलं. इंजिनं छान चालली होती, हे त्यातलं दुःखद विनोदाचं.

वाळूजच्या स्टँडवर ती भीती नाही. वेल्डिंग सलग आहे, ठिपके मारून भागवलेलं नाही. थ्रस्ट प्लेटला मागून तिरके दोन टेकू आहेत, बोल्ट ८.८ ग्रेडचे आहेत आणि डोक्यावर तसा शिक्काही आहे. पावडर कोटिंगपेक्षा साधा रेड ऑक्साइड बरा झाला असता, कारण भडक्याजवळचं कोटिंग दोन चाचण्यांत सोलतं. पण ते दिसण्यापुरतं.

खरी गोम बुडाशी आहे. कारखाना चार फाउंडेशन बोल्ट देतो आणि पत्रकात 'जमिनीत घट्ट बसवा' एवढंच लिहितो. कुठल्या जमिनीत? मराठवाड्यात निम्मी पंचाईत इथंच. काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर बसवलेला बोल्ट एप्रिल-मेपर्यंत ढिला होतो. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बोल्ट मातीच्या भरवशावर ठेवूच नका. सिमेंट काँक्रीटच्या वजनावर ठेवा. हिशेब सोपा आहे. २०० किलोचा थ्रस्ट म्हणजे साधारण १९६० न्यूटन. या स्टँडवर थ्रस्टची रेषा जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे स्टँड उलटवणारा जोर सुमारे ११८० न्यूटन-मीटर. १ मीटर बाय १ मीटर, ३० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा ठोकळा ७२० किलोचा होतो. कडेभोवती त्याचा अडवणारा जोर ३५०० न्यूटन-मीटरच्या वर जातो. ठोकळा जमिनीत असतो, म्हणून उलटवणारा जोरही त्याच्या तळापासून, ९० सेंटिमीटरवरून, धरायचा: सुमारे १७६० न्यूटन-मीटर. म्हणजे दुप्पट सुरक्षा, मातीची काही मदत न घेता. काळी माती खणून खाली मुरूम लागला तर त्यावर ठोकळा टाका. मुरूम खोल असेल तर खड्ड्यात बाहेरून मुरूम भरून धुम्मस करा. कॉलेजच्या पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर हा स्टँड उभा करायचा विचारही नको.

आता गाडी. आडव्या स्टँडचा फायदा असा की जळून कमी होणारं इंधनाचं वजन मोजमापात घुसत नाही. उभ्या स्टँडवर, नॉझल वर करून चाचणी घेतली, तर ३०० ग्रॅम इंधन जळताना जवळपास ३ न्यूटनची घसरण आकड्यात आपोआप मिसळते आणि ती नंतर वजा करावी लागते. आडव्यात त्याऐवजी घर्षण येतं. बेअरिंग चांगल्या प्रतीची आहेत, पण कारखाना ती भरपूर ग्रीस लावून पाठवतो. वाळूज ते पैठण कुठल्याही माळावर एका सकाळीच त्या ग्रीसवर धुळीचा थर बसतो, मग गाडी अडखळत सरकते. ग्रीस रॉकेलनं पुसून काढा, पातळ तेलाचा एक हात फिरवा आणि दोन चाचण्यांच्या मधल्या वेळात गाडीवर फडकं टाकून ठेवा. घर्षण तपासायची रीत अशी: गाडीला दोरी लावून पुलीवरून वजन टांगा, ५-५ किलोनं वाढवत न्या, मग तसंच कमी करत या. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला वेगवेगळा आकडा आला तर तो फरक बेअरिंग आणि पुली मिळून खाताहेत. पुली स्वतःही खाते हे लक्षात ठेवा. म्हणून ही रीत घर्षण शोधायला ठीक, कॅलिब्रेशनला नाही.

गाडी आणि लोडसेल यांच्यामधला जोड मात्र सरळ चुकलाय. एम१२ चा आखूड स्टड दोन्हीकडे नटनं आवळलेला आहे. एस-टाइप लोडसेल अक्षाच्या रेषेत ओढ किंवा दाब मोजायला बनलेला असतो. बाजूचा जोर त्याला सोसत नाही. मोटर ५ अंशांनी तिरकी बसली तर मोजलेल्या थ्रस्टमध्ये घट किती? अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून कॉलेजची पोरं तिरकेपणाकडं लक्ष देत नाहीत. पण त्याच ५ अंशांनी थ्रस्टच्या जवळपास ९ टक्के जोर आडवा लागतो. ५०० न्यूटनच्या मोटरला ४४ न्यूटन आडवे. लिनिअर बेअरिंग त्यातला बराचसा झेलतात, पण आवळलेल्या स्टडमधून उरलेला वाक थेट लोडसेलमध्ये जातो आणि झिरो, म्हणजे भार नसतानाचा आकडा, सरकतो. टांगत्या काट्यात दोन्ही बाजूला हुक असतो, त्यामुळं लोडसेल आपोआप सरळ होतो. त्यामुळं काटेवाल्यांना ही अडचण कधी आलीच नसणार. स्टडच्या जागी रॉड-एंड बेअरिंग (सगळ्या बाजूंना कलणारा गोल सांधा) लावा. नाही तर दाबाच्या बाजूला एक कडक गोळी आणि तिच्यासाठी खोलगट बैठक लेथवर काढून घ्या.

क्लॅम्पबद्दल एकच सांगायचंय: ते मोटर धरण्यासाठी नाहीत, वाट दाखवण्यासाठी आहेत. थ्रस्ट मोटरच्या पुढच्या झाकणातून गाडीत आणि गाडीतून लोडसेलमध्ये जायला हवा. क्लॅम्प पिळून आवळले तर तापून फुगणाऱ्या नळीला जागा मिळत नाही. कागदाची एक पट्टी सरकेल एवढी सैल ठेवा.

लोडसेलची निवड. २०० किलोचा लोडसेल 'जे'पर्यंतच्या सगळ्या मोटरना पुरावा म्हणून दिलाय, हे कळतं. पण कॉलेजात बहुतेक एच आणि आय वर्गाच्या मोटर येतात. साधारण २००-३०० न्यूटन सरासरी, शिखर त्याच्या दीडपट-दुप्पट. शिखर लोडसेलच्या ५० ते ६० टक्क्यांवर यावं. त्या हिशेबानं १०० किलोचा योग्य. कारखाना मागितला तर तो बदलून देतो, किंमत तीच ठेवतो, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. अशा लोडसेलला साधारण दीडपट भार सोसतो, पण तो आकडा हळूहळू चढवलेल्या भाराचा आहे, धडकेचा नाही.

इथून पुढं तक्रारींचा मोठा भाग.

लोडसेल व्होल्टमागं २ मिलिव्होल्ट देतो. ५ व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट. एचएक्स७११ गेन १२८ ला, म्हणजे इशारा १२८ पट वाढवताना, २० मिलिव्होल्टपर्यंत वाचतो, म्हणजे इथवर जोडी जमली. त्याचा अंगचा आवाज (नॉइज, म्हणजे आकड्याची आपोआपची थरथर) नॅनोव्होल्टांत मोजायचा, २०० किलोच्या लोडसेलवर तो फार तर दोनेक ग्रॅमएवढा. अचूकता हवी त्याहून जास्तच आहे. वेग नाही. एचएक्स७११ ला दोनच वेग आहेत: सेकंदाला १० वाचनं किंवा ८०. कोणता, ते चिपच्या १५ क्रमांकाच्या पिनवरून ठरतं. बाजारात शंभर-सव्वाशे रुपयांत मिळणाऱ्या बहुतेक बोर्डांवर ही पिन ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे १०. या संचातला बोर्ड तसाच आलाय. १० ला आकडा स्थिर व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. दीड सेकंदाच्या मोटरचे पंधरा ठिपके मिळतात, त्यातले पहिले चार अर्धवट. त्याला आलेख म्हणायचं असेल तर म्हणा. पिन सोल्डरिंगच्या टोकानं उचलून पुरवठ्याच्या बाजूला जोडली की ८० होतात आणि स्थिर व्हायचा वेळ ५० मिलिसेकंदांवर येतो. बारीक काम आहे, पिन तुटली की बोर्ड गेला. दोन जादा बोर्ड आणून ठेवा.

या बोर्डांच्या हिरव्या जातीत आणखी एक ठरलेला दोष सापडतो: लोडसेलला वीज देणाऱ्या जोडीतला ई-मायनसचा टर्मिनल ग्राउंडला जोडलेलाच नसतो. आकडे वाट्टेल तसे पळायला लागले की माणूस लोडसेलला दोष देतो. मल्टिमीटरनं ई-मायनस आणि ग्राउंड यांच्यात बीप येतो का ते आधी बघा. नसेल तर वायरचा एक छोटा तुकडा डाग देऊन लावला की काम होतं.

लाल आकड्यांचा इंडिकेटर तर सरळ बाजूला काढा. तो तोलकाट्याचाच आहे. सरासरी काढून आकडा शांत करणं आणि झिरोजवळची हळू सरक स्वतःहून पुसणं, ही त्याची दोन्ही कामं. कापसाच्या गाठीला हे गुण. थ्रस्टला हेच दुर्गुण. मोटर विझत येताना जोर सावकाश उतरतो, आणि ती शेपटी हा इंडिकेटर 'झिरो सरकला' असं समजून गिळून टाकू शकतो.

८० ठिपके तरी पुरतात का? एकूण इम्पल्स काढायला चालून जातं, कारण तो आलेखाखालचा सगळा भाग आहे. पेटतानाचा टोकदार झटका पकडायला पुरत नाहीत. शिवाय स्टँड स्वतः थरथरतो. २०० किलोचा लोडसेल पूर्ण भाराला ०.३ मिलिमीटर दबतो असं धरलं आणि गाडी अधिक मोटर ५ किलो असेल, तर त्यांची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला १८० च्या आसपास येते. चौकटीची लवचिकता धरून थोडी कमी. ८० ठिपक्यांच्या नोंदीला ४० च्या वरचं कंपन खरं दिसतच नाही. ते दुमडून खाली येतं आणि आलेखात मंद लाटेसारखं दिसतं. मग इंधनाच्या जळण्यात दोष आहे असं समजून पोरं नको तिथं शोधत बसतात.

विकत घेण्याआधी कारखान्यातच एक परीक्षा घ्या. तिला ना परवाना लागतो ना स्फोटकाची दारू. दोन लिटरची सरबताची पेट बाटली, तिच्यात साधारण ६०० मिलिलिटर पाणी, पंपानं ४ बार हवा. बाटली गाडीवर तोंड मागं करून बांधा आणि दोरीनं बूच सोडवा. तोंडाचा आतला व्यास २१-२२ मिलिमीटर धरला तर सुरुवातीचा थ्रस्ट ३०० न्यूटनच्या घरात येतो, आणि पाणी एका सेकंदाच्या दहाव्या भागाआतच संपतं. संच आला तशा १० च्या वेगावर या धक्क्याचा एखादा ठिपका मिळाला तर मिळाला. ८० वर पाच-सहा. खरा आकार बघायचा असेल तर एचएक्स७११ च्या जागी सेकंदाला निदान ३२० वाचनं देणारा एनएयू७८०२ लावा, हात सैल असेल तर एडीएस१२५६. बाटली जुनी, चरे पडलेली घेऊ नका आणि ४ बारच्या वर जाऊ नका. चाचणी आडोशामागूनच.

वेग वाढवला की उनो अपुरा पडतो. त्याला २ किलोबाइट रॅम आहे. म्हणून संचातला प्रोग्राम प्रत्येक वाचन लगेच एसडी कार्डावर लिहितो, आणि स्वस्त कार्ड मधेच शंभर-दीडशे मिलिसेकंद अडून बसतं. नेमकं तेव्हाच मोटर पेटली तर आलेखात भोक. उनोच्या जागी ईएसपी३२ बोर्ड घ्या: सेकंदाला १००० वाचनं, १० सेकंद, प्रत्येकी ४ बाइट म्हणजे ४० किलोबाइट, तेवढं त्याच्या रॅममध्ये आरामात बसतं. सगळं विझल्यावर एकदाच कार्डावर लिहायचं. कारखान्याला हे सांगितलं तर 'आमचा काटा दहा वर्षं चालतो' असं उत्तर मिळतं. काटा चालेल हो.

इग्निशनचा डबा हा संचातला सगळ्यात कच्चा भाग. एकाच बॅटरीवर इग्निशन आणि नोंदणी दोन्ही. इग्नायटर (मोटर पेटवणारी विजेची वात) काही अँपिअर ओढतो, त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड रीसेट होतो आणि फाइल उघडीच राहून कोरी निघते. मोटर उत्तम जळाली, कार्डावर काहीच नाही, असा प्रकार या रचनेत आज ना उद्या ठरलेलाच. नोंदणीला वेगळी बॅटरी द्या. मोबाइलची पॉवर बँक लावाल तर आधी तपासा: भार फारच कमी असेल तर बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळानं आपोआप बंद होतात, आणि हा डबा ओढतो तो करंट नेमका तेवढाच कमी.

वायरचे १० मीटर मान्य करण्यासारखे नाहीत. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांत एच ते जे वर्गाच्या एका मोटरसाठी माणसांचं किमान अंतर १०० फूट, म्हणजे ३० मीटर आहे, आणि तेही उड्डाणासाठी. बांधून ठेवलेल्या मोटरला त्याहून कमी ठेवायला काहीच कारण नाही. पण आहे तीच वायर जोडून लांबवू नका. संचातली ०.५ चौरस मिलिमीटरची वायर ३० मीटर नेली तर जाऊन-येऊन ६० मीटर, रोध सव्वादोन ओहमच्या वर. १२ व्होल्टची बॅटरी टोकाला शॉर्ट केली तरी ५ अँपिअरच वाहतील. जाड वायर घेण्यापेक्षा बॅटरी आणि रिले स्टँडजवळ ठेवा आणि लांब बारीक वायर फक्त रिलेच्या कॉइलसाठी न्या. तिला शंभरेक मिलिअँपिअर पुरतात. तसं केलं तर स्टँडजवळ एक काढता येणारी पिन हवीच. ती काढलेली असेपर्यंत दूरवरून कुणी काही दाबलं तरी इग्नायटरला करंट पोचता कामा नये. इग्नायटर सगळ्यात शेवटी जोडायचा, जोडणाऱ्याच्याच खिशात किल्ली, आणि जोडेपर्यंत त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळून ठेवलेल्या. इग्निशनची वायर आणि लोडसेलची केबल एकाच नळीतून नेऊ नका. लोडसेलच्या केबलची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा.

बटण दाबलं आणि मोटर पेटली नाही, तर आधी किल्ली काढा, बॅटरी सोडवा. उड्डाणाच्या नियमांत ६० सेकंद थांबायला सांगितलंय. स्टँडवर त्याच्या कितीतरी पट थांबलं तरी नुकसान काही नाही. घन इंधनाची मोटर एकदा पेटली की तिला बंद करायची सोय नसते. अमेरिकेच्या एसएलएस रॉकेटचा मुख्य टप्पा १६ जानेवारी २०२१ ला स्टँडवर ६७.२ सेकंदांतच संगणकानं बंद केला आणि १८ मार्चला आठ मिनिटांहून जास्त चालवून चाचणी पुरी केली. ते द्रव इंधन होतं म्हणून जमलं. इथं जे ठरवायचं ते पेटवण्याआधीच.

उभं कुठं राहायचं हे पत्रकात नाही, म्हणून इथं. मोटरच्या अक्षाच्या रेषेत, पुढं किंवा मागं, कुणीही नको. पुढचं झाकण सुटलं तर पुढं जातं, नॉझल सुटलं तर मागं. नळी फुटली तर तुकडे बाजूला. म्हणून बाजूला, लांब, आणि मातीच्या बांधाआड किंवा भिंतीआड. जपानच्या 'एप्सिलॉन एस' रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याची मोटर १४ जुलै २०२३ ला नोशिरोत आणि २६ नोव्हेंबर २०२४ ला तानेगाशिमात अशी दोनदा स्टँडवरच फुटली. मोठ्या संस्थांचीही फुटते. आणि आजूबाजूला बघा: फेब्रुवारीनंतर बांधावरचं गवत, शेजारच्या फडातलं उसाचं पाचट, कुणाची कडब्याची गंजी, यांतलं काही वाऱ्याखाली असेल तर जागा बदला. पाण्याचा टँकर नाही तर निदान दोन भरलेले ड्रम आणि ओली पोती जवळ असू द्या.

चाचणीची वेळ हा इथं केवळ सोयीचा प्रश्न नाही. असे लोडसेल साधारण उणे १० ते ४० अंशांपर्यंत तापमानाचा फरक स्वतः सावरतात. मे महिन्यात हवाच ४० ओलांडते. उन्हात उभं लोखंड तर हात लावू देत नाही. एका बाजूनं ऊन लागलेल्या लोडसेलचा झिरो डोळ्यांदेखत सरकतो. सकाळी आठच्या आत चाचणी उरका, लोडसेलवर पत्र्याची सावली करा आणि पेटवण्याआधीचे ५ आणि नंतरचे ३० सेकंद नोंदवून ठेवा. झिरो मूळ जागी परतला की नाही हे त्यावरूनच कळतं. भडक्याच्या बाजूनं लोडसेल लांब आहे, तिकडून त्रास नाही.

कॅलिब्रेशनमध्ये मात्र काटेवाल्यांचं ज्ञान उपयोगी येतं. संचातला प्रोग्राम एकाच वजनावर कॅलिब्रेट करायला सांगतो, ते टाळा. गाडी काढा, स्टँड उभा करा म्हणजे वजन थेट लोडसेलवर बसेल. इलेक्ट्रॉनिक्स वीस मिनिटं चालू ठेवा. मोंढ्यातल्या कुठल्याही काटेदुरुस्तीवाल्याकडं वैधमापनाचा शिक्का असलेली २० किलोची लोखंडी वजनं मिळतात, पाच आणा. ०, २०, ४०, ६०, ८०, १०० असं चढा आणि त्याच पायऱ्यांनी उतरा. सगळे आकडे एका सरळ रेषेवर यायला हवेत. चढ-उतारात फरक ६० ग्रॅमच्या आसपास असेल तर २०० किलोच्या लोडसेलला तो जाहीर केलेल्या ०.०३ टक्क्यांत बसतो.

एक बारीक गोष्ट, जी पत्रकात चुकलीये. किलोला ९.८१ नं गुणून न्यूटन काढलेत. संभाजीनगर जवळपास २० अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. इथं गुरुत्वाचा आकडा ९.७८५ च्या आसपास येतो. फरक पाव टक्का. ०.०३ टक्के अचूकतेचा लोडसेल घेऊन गुणाकारात पाव टक्का सोडायचा, हे काही बरं नाही. प्रोग्राममध्ये एक आकडा बदलायचाय फक्त.

एक्सेलची फाइलही देतात. ती पहिल्या शून्येतर आकड्यापासून इम्पल्स मोजायला लागते, म्हणजे वाऱ्यानं हललेला स्टँडसुद्धा थ्रस्टमध्ये जमा. जळण्याचा काळ शिखराच्या ५ टक्क्यांपासून ५ टक्क्यांपर्यंत धरायची रूढ पद्धत आहे, तशी सूत्रं बदला. इग्निशनचं बटण कधी दाबलं हे तर कुठंच नोंदलं जात नाही. रिलेवरून एक ऑप्टोकपलर (दोन सर्किट विजेनं न जोडता प्रकाशातून इशारा पोचवणारा सुटा भाग) बोर्डाच्या मोकळ्या पिनला जोडला की पेटायला किती उशीर झाला हेही आलेखात दिसतं. दाबाच्या सेन्सरसाठी जागा आहे, सेन्सर वेगळा घ्यावा लागतो. घेतलात तर त्याच्या नळीत ग्रीस भरा, गरम वायू पडद्यापर्यंत पोचू देऊ नका. थ्रस्ट आणि दाब, एवढ्या दोन नोंदी हातात असल्या तर कॉलेजला भरपूर. इस्रोनं १३ मे २०२२ ला श्रीहरिकोट्यात २०३ टन इंधनाची एचएस२०० मोटर १३५ सेकंद चालवली तेव्हा सुमारे ७०० गोष्टी नोंदवत होते. आपण तिथं नाही.

सेवेबद्दल: तुटलं-वाकलं तर लोखंडाचं काम हातोहात करून देतात, ड्रॉइंग मागितलं की देतात, बेअरिंग नि बोल्ट वाळूजमध्ये कुठंही मिळतील असेच वापरलेत. प्रोग्रामबद्दल विचारलं की फोन 'मुलाकडं' जातो आणि मुलगा पुण्यात असतो. पत्रक इंग्रजीत आठ पानं, त्यातली तीन काट्याच्या जुन्या पत्रकातून जशीच्या तशी उचललेली. 'प्लॅटफॉर्मवर जनावर उभं करू नये' ही सूचनाही त्यात आहे.

मागवणार असाल तर चौकट, गाडी आणि १०० किलोचा लोडसेल एवढंच मागवा. स्टडच्या जागी रॉड-एंड लावून मागा, ग्रीस न लावता पाठवा म्हणा, भडक्याजवळच्या लोखंडाला पावडर कोटिंग नको म्हणा. इंडिकेटर, उनो आणि इग्निशनचा डबा वगळून किंमत सांगायला लावा. ते आधी नाही म्हणतात, 'संच आहे, संच फोडत नाही' म्हणतात. दुसऱ्या फोनला फोडतात.